उरलेली सात मिनिटं

महादुला, कोराडी रोड
६ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पाकीट मिळालं आणि त्यातला टोमणाही मिळाला. रिटायर झाल्यापासून माझं अक्षर आळशी झालं आहे म्हणतेस. ताई, मी तुझ्या तिसरी ‘ब’ मध्ये बसलेलो नाही. चौसष्ट वर्षांच्या भावाच्या वेलांट्या तपासू नयेत. तुला ऐकू येईनासं झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, आपला फोन सुटला आणि आपण पुन्हा पत्रांवर आलो. व्हॉट्सॲपला तू हात लावत नाहीस. माझी तक्रार नाही, रामटेकच्या पोस्टमनलाही काम हवंच.

इकडे मला एक नवा नाद लागला आहे. नात वेदिका कॉलेजसाठी माझ्याकडे राहते, तिने माझ्या फोनमध्ये पॉडकास्ट लावून दिले. रेडिओसारखीच गोष्ट. फरक एवढाच की हवं तेव्हा लावता येतं आणि बोलणारा कोणीही असू शकतो. सकाळी तलावाच्या बाजूने फिरताना मी कानात घालून ऐकतो. एक जण मधमाश्यांवर बोलतो, एक निवृत्त मास्तर इतिहासावर. एक बाई तर परवा नुसत्या चहावर चाळीस मिनिटं बोलली. यातलं निम्मं फालतू आहे, कबूल. पण सदतीस वर्षं टर्बाइनच्या घरघरीत काढलेल्या माणसाच्या कानाशी कोणी हळू आवाजात बोललं की बरं वाटतं. तुला हे ऐकवता येत नाही याचं वाईट वाटतं.

आता दुसरं. तुझे दीर गणपतराव मागच्या आठवड्यात बसस्टँडवर भेटले होते. येत्या पाडव्याला प्रेमानंदाला घर सोडून बारा वर्षं होतील. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर पळसाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करतात, हे तुला ठाऊक आहे. ते म्हणतात, वहिनी ऐकून घेत नाहीत, तुम्ही सांगा. मुलगा तुझा आहे, मी काय सांगणार? पण ताई, करून टाक. त्यालाही मोकळं कर आणि तूही हो.

तुझा
गिरिधर

•

रामटेक
१५ जानेवारी २०२५

गिरू,

तिळगुळाबरोबर हे पत्र ठेवते आहे. मुंग्या लागल्या तर पोस्टाला बोल लाव.

तुझ्या पॉडकास्टचं वाचलं. समोर कोणी नसताना जो बोलत सुटतो त्याला आपल्या घरात काय म्हणायचे, आठवतं ना? मी एकतीस वर्षं शिकवलं. वर्गातल्या एखाद्या मुलीचा चेहरा गोंधळला की मी थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. ज्याला ऐकणाऱ्याचा चेहराच दिसत नाही त्याचं काय ऐकायचं? आणि माझी कीव करू नकोस. धंतोलीच्या कानाच्या डॉक्टरांनी मला सगळं समजावलं होतं. आवाज कानातून आत जात नाही, हाडातून मात्र थोडाफार जातो. ऑपरेशन नको म्हटलं. मशीन घेतली, ती नुसती शिट्ट्या मारते, म्हणून खणात आहे. माझं बरं चाललं आहे.

तू लिहिलंस आणि प्रेमानंद आठवला. तोही असाच बोलायचा ना. मागच्या खोलीत अंगावर चादर घेऊन मोबाइलमध्ये बोलणं भरायचा. कशावरही. रेवड्या कशा करतात, गडावरची माकडं कोणाच्या हातावर झडप घालतात. दर दोन वाक्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचा, “ऐकून राहिली ना वं, आई?” मी पोळ्या लाटता लाटता हो म्हणायची. ऐकत असायची असं नाही.

त्या दिवशीचं भांडणही त्यावरूनच झालं. हे म्हणाले, “बडबडीनं पोट भरते का? तेवीस वर्षांचा झाला.” त्याने बॅग भरली आणि नागपूरच्या बसमध्ये बसला. पाडव्याला दोन दिवस होते. कंडक्टरने त्याला नागपूरला उतरताना पाहिलं, त्यानंतर कोणीच नाही. तो तुझ्याकडे जाईल याची मला खात्री होती, म्हणून त्या रात्री मी जेवून निवांत झोपले. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. पण तू म्हणालास, बदलीत नाइट लागली म्हणून तू झोपलेला होतास आणि तुझ्याकडे कोणी आलंच नाही.

पुतळ्याला मी नाही म्हटलं आहे. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, त्यांचं सगळं मी रीतसर केलं. पण ज्याला मी मेलेला पाहिला नाही त्याला पळसाच्या देठांचा करून जाळायचं, हे माझ्याने होणार नाही. तुला एवढी घाई का झाली आहे, ते कळव.

तुझी
ताई

•

महादुला
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे लिहू की नको असं पाच दिवस चाललं होतं. आज लिहितो.

पॉडकास्टच्या यादीत मागच्या महिन्यात एक नवं नाव दिसलं, ‘ऐकून राहिले ना’. आपल्याकडची बोली म्हणून लावलं. एक पुरुष बोलतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. प्रत्येक भाग बरोबर बारा मिनिटांचा. पहिल्या भागात तो रामटेकहून बसमध्ये बसतो. दुसऱ्यात मनसर येतं. तिसऱ्यात कन्हानचा पूल. नुसतं सांगत जातो, कोण शेजारी बसलं होतं, खिडकीतून काय दिसलं. कुठे निघाला आहे ते सांगत नाही. आणि मध्येच विचारतो, ऐकून राहिले ना?

तो प्रेमानंद आहे असं मी म्हणत नाही. बारा वर्षांत माणसाचा आवाज बदलतो. पण बोलण्याआधी तो जीभ टाळूला लावून जो आवाज काढायचा, तो यात आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तुला ती मूर्खपणाची वाटेल. आमच्या कामात आवाज ओळखण्यावर सगळं होतं. लांब पेचकसाचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं बेअरिंग बोलतं. प्रेमानंद दहा वर्षांचा असताना तो पेचकस मी त्याला दिला होता. त्याने तो घड्याळाला लावला, फ्रिजला लावला, तुझ्या पाठीलाही लावला होता. तर सवयीने मी या पॉडकास्टमध्ये त्या माणसाच्या बोलण्यामागचं ऐकायला लागलो. मागे एक छताचा पंखा आहे. दर फेऱ्याला टक्, आणि तिसऱ्या फेऱ्याला जरा जड टक्. ताई, हा माझ्या जुन्या क्वार्टरचा पंखा आहे. त्या पंख्याखाली मी बावीस वर्षं झोपलो, माझी चूक होणार नाही. पण आमची ती ओळ पाडून सहा वर्षं झाली, आता तिथे बाभळी आहेत.

वेदिकाला बोलणाऱ्याचा पत्ता शोधायला सांगितलं. काही सापडलं नाही. खाली ऐकणाऱ्यांचा आकडा असतो. ती हसून म्हणाली, “आजोबा, याले ऐकणारा एकच आहे. तुम्ही.”

गिरिधर

•

रामटेक
७ फेब्रुवारी २०२५

गिरू,

पत्र आज दुपारी मिळालं, लगेच लिहिते आहे. तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द लिहून पाठव. थोडक्यात नको. तू सारांश फार वाईट लिहितोस. तो कुठे थांबला, कुठे खोकला, तेही लिही.

गणपतरावांना सांगितलं की माझा मुलगा बोलतो आहे, पुतळ्याचं नाव काढू नका. मला वेड लागलं असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे. गिरू, तो जिवंत आहे. कुठेतरी बसून तो मोबाइलमध्ये बोलतो आहे आणि मला ऐकू येत नाही. माझ्या वाटचं तू ऐक.

तुझा पेचकस माझ्याकडेच आहे. खिडकीच्या झडपेला आधार म्हणून लावते.

ताई

•

महादुला
१९ फेब्रुवारी २०२५

ताई,

आणखी दोन भाग आले. चौथ्यात तो नागपूरला उतरतो आणि कोराडीच्या बसची वाट पाहतो. पाचवा सांगितलंस तसा उतरवून काढला आहे. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, असे दोन दिवस गेले.

“ऐकून राहिले ना? ऐका. कोराडीच्या बसमधी लई गर्दी होती. उभाच होतो. एका बाईनं म्हटलं, बॅग दे इकडं, मांडीवर ठेवते. दिली. तिनं विचारलं, कोणाकडं चालला? म्हटलं, मामाकडं. पॉवर हाउसच्या चिमण्या दिसाले लागल्या तवा बरं वाटलं. लहानपणी मी आईले विचारलं होतं, ढग हेच लोक बनवते का? आई म्हणे, हो, मामा बनवते. (इथे हसतो.) कॉलनीच्या गेटपाशी उतरलो. ऊन होतं. रस्त्यावर राखीचा पातळ थर होता, त्याच्यावर चपलेचे ठसे उमटून राहिले होते. मागं वळून पाहिलं, तर माझेच ठसे. दुसरं कोणी नव्हतं. एका चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून डावा पाय घासून राहिलो होतो. पाण्याच्या टाकीपाशी नळ होता. तोंड धुतलं. आई म्हणते, कोणाच्या घरी जाचं तर तोंड धुऊन जावं. (खोकतो, दोनदा.) मग ओळ लागली. पहिलं दार, दुसरं, तिसरं. सारे दुपारचे झोपले होते. मामाचं सहावं. मी मोजत मोजत चाललो होतो.”

एवढं आहे. यापुढे खास काही नाही. तुझी तब्येत सांभाळ. जास्त विचार करू नकोस.

गिरिधर

•

रामटेक
२५ फेब्रुवारी २०२५

गिरिधर,

ढगांचं तू कुठून आणणार? ते मी त्याला गच्चीवर सांगितलं होतं, तो पाच वर्षांचा होता, आणि तिथे तिसरं कोणी नव्हतं. म्हणजे तोच आहे. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला.

म्हणजे तो तुझ्या दारापर्यंत आला होता.

आता माझ्या प्रश्नाला उत्तर दे. मी जन्मभर मुलांना श्रुतलेखन घातलं आहे. किती ओळींना किती वेळ लागतो हे मला घड्याळाशिवाय कळतं, तरी मी घड्याळ समोर ठेवलं. तू पाठवलेलं मी सावकाश वाचलं, तो जसा थांबत बोलायचा तसं. त्याचं हसणं धरलं, खोकणं धरलं, तोंड धुतलं म्हणतो तिथे जास्तीचा दम घेतला. तीनदा वाचलं. कितीही ताणलं तरी पाच मिनिटांच्या वर जात नाही. भाग बारा मिनिटांचा असतो असं तूच लिहिलं आहेस.

उरलेली सात मिनिटं कुठे आहेत?

ताई

•

रामटेक
१२ मार्च २०२५

गिरिधर,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन आला की मी उठून उभी राहते, तो मान हलवून पुढे जातो. वेदिकाला त्रास द्यायचा नाही म्हणून थांबले आहे. नाहीतर मीच बसमध्ये बसून येईन.

ताई

•

महादुला
२३ मार्च २०२५

ताई,

येऊ नकोस. लिहितो. हे लिहिताना मला तुझ्यासमोर बसावं लागत नाही, म्हणूनच जमतं आहे.

सहाव्या दाराशी आल्यावर तो असं म्हणतो.

“दाराले पाटी होती. नाइट ड्यूटी, झोपलो आहे, दार वाजवू नये. मी थांबलो. आईच्या घरी कॅलेंडरवर मामाच्या शिफ्ट लिहून राहते, फोन कवा कराचा ते कळाले पाहिजे म्हणून. मी आठवलं. ह्या हप्त्यात तर मामाची फर्स्ट होती, सकाळची. अन् आज ऑफ होता. मग पाटी काहून? खिडकीपाशी गेलो. आतमधी पंखा टकटक करून राहिला होता. मामा जागा होता. झोपलेला माणूस कसाही श्वास घेते. जागा माणूस झोपेचं सोंग करते तवा लई जपून घेते. मी खिडकी वाजवली. तीनदा. ऐकून राहिले ना, मामा?”

याला दोन मिनिटं लागतात. नंतरची पाच मिनिटं नुसता पंखा फिरतो.

खरं आहे, ताई. सगळं खरं आहे. कॉलनीत प्रत्येक घरी अशी पाटी असायची. पत्र्याच्या तुकड्यावर रंगवलेली. नाइटवाला सकाळी घरी आला की ती दाराला टांगून झोपायचा, आणि मग पोरंसुद्धा त्या दारासमोर खेळायची नाहीत. पाटी खोटी लावायची नसते. आमच्यात हा एक धर्मच होता म्हण. त्या दिवशी मी ती खोटी लावली. सकाळी भाऊजींचा फोन आला होता. “पोट्टा तुमच्याकडं येईन. घरात घेतलं तर आपलं बोलणं बंद, तुमच्या बहिणीचंही माहेर बंद.” बायको माहेरी गेलेली, घरात मी एकटा. मला भांडण नको होतं. दोन दिवसांनी राग उतरेल, पोरगा घरी जाईल, कोणाशी वाईट व्हायला नको, असा विचार केला. पाटी टांगली आणि पंख्याखाली पडलो.

तो आला. त्याची घासत येणारी चप्पल मी टाकीपासून ऐकली होती. खिडकी वाजली तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो, डोळे मिटायचं काही कारण नव्हतं, तो आत पाहू शकत नव्हता. तीनदा वाजवून तो थोडा वेळ थांबला. मग चप्पल घासत गेली. गेटपर्यंत मी ती ऐकली. बेअरिंगमधला एक फुटका छर्रा चार फुटांवरून ओळखणारा माणूस मी, पोलिसांना सांगितलं की झोपलो होतो, काही ऐकलं नाही. पुतळ्याची घाई का, असं तू विचारलं होतंस. क्रियाकर्म झालं की हे संपेल असं मला वाटायचं. ती पाटी मी टाकली नाही. ट्रंकेत आहे.

आता शेवटचं, आणि हे तुला सांगायला सगळ्यांत जड आहे. मला एकट्याला ते सहन होईना, म्हणून परवा मी वेदिकाला पाचवा भाग ऐकवला. तिने पूर्ण बारा मिनिटं ऐकला. मग कानातलं काढून म्हणाली, “आजोबा, याच्यात कोणी बोलूनच नाही राहिलं. नुसता पंखा फिरून राहिला.” तिने पहिले चारही लावले. त्यांतही तेच.

मी तिच्या शेजारी बसून ऐकत होतो. मला तो बोलताना ऐकू येत होता.

तेव्हा ताई, माझ्यावर विसंबून काही ठरवू नकोस. हे माझ्या डोक्यातलं असेल. ढगांचं तू कधीतरी मला सांगितलं असशील आणि मी विसरलो असेन. तुला मी खोटी आशा लावली, त्याआधी बारा वर्षं खोटं बोललो. मला काय म्हणायचं ते तू म्हण.

गिरिधर

•

रामटेक
२ एप्रिल २०२५

गिरिधर,

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. गुढी उभारली नाही. दोन दिवस मी घरात फिरत तुला मोठमोठ्याने शिव्या देत होते, त्या मला ऐकू येत नाहीत ते बरं. शेजारच्या मुलीने, गार्गीने, येऊन पाहिलं आणि चहा करून ठेवून गेली. तुला माफ केलं असं एकदा लिहून पाहिलं आणि खोडलं. केलेलं नाही. पुढे होईल का, मला ठाऊक नाही.

तुला एक गोष्ट सांगते, ती मी कोणालाच सांगितलेली नाही. मला ऐकू येईनासं झालं त्या वर्षापासून मी दाराला कडी घालत नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही. नुसतं लोटून ठेवते. तो आला आणि त्याने दार वाजवलं तर मला कसं कळणार? दोनदा कुत्री आत आली, एकदा कोणाचं तरी वासरू. गणपतराव रागावतात, वहिनी वयोमानाने विसरतात असं सगळ्यांना सांगतात. मी म्हणू देते त्यांना. तुला ऐकू येत होतं आणि तू दार लावून पडलास, एवढंच माझ्या डोक्यात दोन दिवस फिरत होतं.

काल मी गार्गीला म्हटलं, तुझ्या फोनमध्ये ते पॉडकास्ट शोधून दे. तिने शोधलं. तुझे पाच तिला दिसले नाहीत. एकच होता, कालच्याच तारखेचा. तिला वाटलं मी वाचायला मागते आहे, कारण मी बहिरी. मी फोन पाटावर ठेवायला सांगितला, खिडकीच्या झडपेचा पेचकस काढला, टोक फोनवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. तू त्याला शिकवलं होतंस तसं. तो माझ्या पाठीला लावून सांगायचा, आई, तुझ्या आतमधी पाणी चालून राहिलं.

आधी पंखाच आला. टक्, टक्, आणि एक जड टक्. नऊ वर्षांत माझ्या डोक्यात बाहेरचा आवाज शिरला नव्हता. मला रडू आलं, मी हात हलू दिला नाही. मग तो बोलला.

“ऐकून राहिली ना वं, आई?”

मी हो म्हटलं. या वेळी मी ऐकत होते.

“दाराले कडी घाल आता. कुत्रे येऊन राहिले घरात. मी कवाचा आत आहे.”

एवढंच. पुढे पंखा फिरत राहिला. मी बाराच्या बारा मिनिटं मूठ धरून बसले. गार्गी घाबरून माझ्याकडे पाहत होती. ओठांवरून मला कळतं, ती म्हणत होती, “आजी, कोणाशी बोलून राहिल्या? याच्यात तर पंखाच आहे.” मी तिला खालचा आकडा वाचायला सांगितला. तिने बोटांनी दाखवला. ऐकणारे दोन.

तिला घरी पाठवलं आणि कडी घातली. ती इतकी गंजली होती की वरवंट्याने ठोकावी लागली. मग दाराला पाठ लावून मी उभी राहिले आणि खोलीकडे पाहिलं. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. कोणाला न दिसता जो आत येऊन बसतो, तो जिवंत माणूस नाही, एवढं मला कळतं. किती दिवसांपासून तो इथे होता आणि मी दाराकडेच पाहत बसले होते. ढगांचं मी तुला कधीच सांगितलं नव्हतं, हेही लिहून ठेवते, म्हणजे तू पुन्हा डोक्यातलं म्हणणार नाहीस. रात्री दोन ताटं वाढली. एक सकाळी होतं तसंच होतं, पण मला ते वाढायचं होतं.

समोर कोणी नसताना जो बोलतो त्याचं काय ऐकायचं, असं मी जानेवारीत लिहिलं होतं. ते मागे घेते. तू तुझा पॉडकास्ट ऐकत जा. बंद करून ठेवू नकोस. पुन्हा काही बोलला तर लिहून पाठव, आणि या वेळी पूर्ण पाठव.

गणपतरावांना होकार कळवला आहे. येत्या अमावास्येला, इथल्या अंबाळा तलावाच्या घाटावर. पुतळ्याला पळसाचे तीनशे साठ देठ लागतात. ते तू स्वतः तोडून आणायचे, मजूर लावायचा नाही. पाटीही घेऊन ये. ती कुठे ठेवायची ते मी सांगेन.

आदल्या दिवशी दुपारी पोहोच. दाराला कडी असेल. बाहेर उभा राहून हाका मारू नकोस, शेजाऱ्यांना बोलावू नकोस. नुसतं वाजव. मी पेचकस दाराला टेकवून बसेन. मला ऐकू येईल, आणि मी उठून उघडीन.

ताई